टिटवीच्या मागचं कपाट

शुक्रवार, ९

हे लिहायला बसण्याचं कारण एकच. काल मी एका मुलीला तिच्या पाठीमागचं कपाट आवरायला सांगितलं, आणि ते आवरताना तिचा जीव जाऊ शकतो. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. माहीत असू नये, हा नियम माझाच.

डोकं ठिकाणावर राहावं म्हणून क्रमाने लिहिते.

औषधांच्या कारखान्यात तपासणीची लॅब मी निवृत्त होईपर्यंत सांभाळली. नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या, बऱ्याच जणांना परतही पाठवलं. घरी बसल्यावर पुतणीच्या पीएचडीत नाक खुपसू लागले. तेव्हा ती म्हणाली, "आत्या, माझ्या एकटीच्या मानेवर धार लावत बसू नकोस. चार जणांत वाटून टाक." त्यातून गुरुवारची व्याख्यानं निघाली. संगणकावर, फुकट. तासभर कोणी जाणकार विज्ञान सांगतो, मग अर्धा तास 'पुढे काय'. त्यात अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीला कसं बसायचं, पगार विचारल्यावर खाली का बघायचं नाही, हे मी सांगते. लिंक इंटरनेटवरच्या आमच्या पानावर असते, वाटेल त्याने यावं.

सुरुवातीला नाव आणि संस्था सांगून प्रश्न विचारायची पद्धत ठेवली होती. मोठ्या संस्थांची मुलं बोलायची आणि साध्या कॉलेजांची मुलं भिंतीला लावलेल्या छत्र्यांसारखी गप्प. म्हणून मी नावं बंद केली. प्रत्येकाने पक्ष्याचं नाव घ्यायचं. नोंदणी नाही, पत्ता नाही, रेकॉर्डिंग नाही. त्या दिवसापासून सगळे बोलू लागले. या नियमाचा मला अभिमान होता.

टिटवी तीन-चार महिने येते. पातळ आवाज, प्रश्न नेमका. पण मागचं दृश्य धूसर करून बसते. काल तिची सरावाची मुलाखत होती. मी म्हटलं, ते धूसर काढ, भुताला कोणी नोकरी देत नाही. तिने काढलं. मागे लोखंडी कपाट निघालं, दारं नसलेलं, बाटल्यांनी गच्च भरलेलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हे काय, भंगाराच्या दुकानात बसलीयस? समोरच्याला पहिल्यांदा हे दिसतं. पुढच्या गुरुवारी येताना ते कपाट आवरून ये, नाहीतर येऊ नकोस." ती "हो मॅडम" म्हणाली.

बसण्यातल्या चुका दाखवायला मी पडद्याचे फोटो काढून ठेवते. आज सकाळी ते मोठे करून बघत होते. तिच्या उजव्या कानाच्या वर, डोक्यापासून हातभर अंतरावर, तपकिरी बाटली आहे. जुन्या घडणीची. लेबल वाळवीने खाल्ल्यासारखं, पण अखेरची अक्षरं शाबूत आहेत. ईथरचा एक प्रकार, आम्ही कारखान्यातून केव्हाच हद्दपार केलेला. आणि झाकणाच्या भोवती पांढरं कडं. साखर सांडून वाळावी तसं.

ईथर वर्षानुवर्षं पडून राहिला, हवा लागत राहिली, की आत पेरॉक्साइड धरतं. त्याचे स्फटिक झाकणापाशी साठतात. मग झाकण फिरवलं, बाटली आपटली, कधी नुसती सरकवली, तरी पुरतं. हात जातात, डोळे जातात, तिच्याएवढ्या जवळ असेल तर माणूसच जातो.

चहा केला होता, तो ओट्यावरच राहिला.


शुक्रवार, संध्याकाळ

कदाचित ती नुसती धूळ असेल. चुना असेल. फोटो फुटलेला आहे आणि माझे डोळे साठीपलीकडचे.

कारखान्यातल्या आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना फोटो पाठवला. ते आता नातवंडांना पोहायला नेतात. तासाभराने त्यांचा फोन आला. म्हणाले, "बाई, फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही. पण त्या खोलीत मी गेलो नसतो."

पुतणीला सांगितलं तेव्हा तिचा चेहराच उतरला. तिच्या लॅबमध्येही अशी कपाटं आहेत म्हणाली. मग "मी बघते काय करता येतं" म्हणून फोन घेऊन आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं. बाहेर आली तेव्हा म्हणाली, काही झालं नाही. काय करून बघितलं, ते तिने सांगितलं नाही.


शनिवार, १०

आमच्या पानावर सूचना टाकली: "टिटवी हिने ताबडतोब संपर्क साधावा." खाली माझा फोन नंबर.

पुतणीने वाचलं. म्हणाली, "आत्या, हे कोर्टाचं समन्स झालं. मी टिटवी असते तर गाव सोडून गेले असते." मी म्हटलं, स्पष्ट लिहिलंय, यात घाबरण्यासारखं काय आहे. या घरात हल्ली प्रश्नांना उत्तरं कमी मिळतात.

दिवसभर फोन वाजला नाही. दोनदा मीच उचलून बघितला, बंद तर नाही ना.

दुपारी पोलीस ठाण्यात जाऊन आले. टेबलामागच्या अधिकाऱ्याने वही उघडली. कुठे आहे बाटली? माहीत नाही. मुलीचं नाव? टिटवी. त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, पक्ष्यांची तक्रार वनखात्याकडे द्यावी लागते. मागे कोणीतरी हसलं. मी फोटो त्याच्यापुढे सरकवला आणि ते स्फटिक म्हणजे काय ते सांगितलं. माझा आवाज चढला असावा, कारण ठाण्यातली बाकीची बोलणी थांबली. तो मग माणसासारखा वागला. पत्ता नसेल तर हात बांधलेले आहेत म्हणाला, पण स्फोटकं निकामी करणाऱ्या पथकाचा थेट नंबर त्याने मला लिहून दिला. पत्ता मिळाला की आधी इथे फोन, मग मला, म्हणाला.

तो नंबर मी फोनच्या पाठीवर चिकटवला आहे.


रविवार, ११

समन्सला उत्तर नाही. मग मीच म्हटलं, लाज गुंडाळून ठेवायची आणि सरळ सांगायचं. नवी सूचना टाकली: कोणीही कपाट आवरू नये. जुन्या ईथरच्या बाटलीला झाकणापाशी पांढरे स्फटिक दिसले तर जवळ जाऊ नये, खोली बंद करावी, कळवावं. खोलीत असलेल्या सगळ्यांना बाहेर काढावं.

टिटवीने काही लिहिलं नाही. लिंक दर वेळी तीच असते, जपून ठेवली असेल तर ती पानावर येतही नसेल. बाकीच्यांनी मात्र फोटो पाठवायला सुरुवात केली. कुठकुठून आले. जिन्याखालच्या बाटल्या, बाथरूमचं स्टोअर केलंय तिथल्या बाटल्या, सिंकखाली फिनेलच्या शेजारी ठेवलेल्या बाटल्या. 'मॅडम, ही चालेल का?' चपला दाखवाव्यात तसं. मला एका मुलीची भीती वाटत होती, आता सगळ्यांचीच वाटायला लागली.

बगळा नावाच्या मुलाचा फोटो फारच स्वच्छ आला होता. मी विचार करत होते, इतका स्वच्छ कसा. मग लक्षात आलं, त्याने बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली होती. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात फोन.

त्याने नंबर दिला होता. लावला. विचारलं, बाटली कुठे आहे.

"होती तिथे ठेवली मॅडम."

"कशी ठेवलीस?"

"हळूच," तो म्हणाला.

त्याला बाहेर काढलं, दार लावून घ्यायला सांगितलं, विभागप्रमुखांना फोन लावायला सांगितलं. त्याच्या बाटलीला स्फटिक नव्हते, नुसती जुनाट होती.

ही मुलं सांगितलेलं ऐकतात, हेच वाईट. जवळ जाऊ नका म्हटलं तर आधी फोटो काढायला जवळ जातात, कारण पुरावा द्यायची सवय आपणच लावली आहे. आणि टिटवी तर सगळ्यांत जास्त ऐकणारी.


सोमवार, १२

घुबडाचा फोन आला. हे दर व्याख्यानाला सर्वांत लांबलचक प्रश्न लिहून विचारणारं घुबड. फोनवर कळलं की ती मुलगी आहे. इतके दिवस मी तिला 'अहो घुबड' म्हणत होते.

तिने सांगितलं, टिटवीला ती ओळखते, म्हणजे ग्रुपवर. मी विचारलं कुठला ग्रुप. ती अडखळली. मुलांचा एक वेगळा ग्रुप आहे. गुरुवारचं व्याख्यान संपलं की सगळे तिथे बोलतात. टिटवी गुरुवारीच संध्याकाळी त्यातून बाहेर पडली. जाताना शेवटचं जे लिहिलं होतं ते घुबडाने वाचून दाखवलं, आणि मध्येच थांबली. मी म्हटलं, पूर्ण वाच.

"फौजदारांनी आज सगळ्यांसमोर माझं कपाट काढलं. आता ते आवरल्याशिवाय कोणाला तोंड दाखवायची नाही."

मी विचारलं, फौजदार कोण?

घुबड म्हणाली, "मॅडम, सगळे प्रेमानेच म्हणतात."

बाकी तिला इतकंच ठाऊक आहे. टिटवीच्या गाईडला असली व्याख्यानं पसंत नाहीत. त्याचं म्हणणं, कामाच्या वेळेत नोकऱ्या शोधायच्या नाहीत. म्हणून ती केमिकल स्टोअरमध्ये आतून कडी लावून बसते. तिथे सहसा कोणी येत नाही. येत नाही ते का, हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही. संस्था कुठली, गाव कुठलं? घुबडाला माहीत नाही. ग्रुपवरही नुसती पक्ष्यांचीच नावं, नंबर दिसत नाहीत. "तुमचाच नियम, मॅडम," ती म्हणाली.

पुतणीला विचारलं, तू आहेस का त्या ग्रुपमध्ये. ती चहा ढवळत होती, साखर केव्हाच विरघळली होती. म्हणाली, हो, आणि शुक्रवारी पहिला निरोप तिथेच टाकला होता, पण टिटवी तोवर गेलेली. मला त्या ग्रुपमध्ये का घेतलं नाही ते मी विचारलं नाही. घाईत राहून गेलं असेल. वय झालेल्या माणसाला असल्या ग्रुपचा त्रास होतो, हाही विचार केला असेल त्यांनी.

आता सगळं उघड आहे. ती मुलगी आतून कडी लावलेल्या खोलीत एकटी बसून कपाट आवरणार आहे. आवरलं नसेल तर.


मंगळवार, १३

सकाळी आधी बातम्या बघते. कुठल्या लॅबमध्ये काही झालं का. नाही म्हटल्यावर श्वास सोडते, आणि मग वाटतं, लहान अपघात छापून येतो का? संस्था छापू देते का?

पुतणीने आपलं काम बाजूला ठेवून रसायनशास्त्राच्या विभागांना फोन लावले. उत्तर एकच, "आमच्याकडे तसलं काही नाही." एकानेही 'बघून सांगतो' म्हटलं नाही. एका विभागात फोन उचलणाऱ्याने विचारलं, तुम्ही कोणाकडून बोलताय, आणि नाव ऐकून घ्यायच्या आत ठेवला. पुतणी म्हणाली, "आमच्या सरांनीही हेच सांगितलं असतं." मग काहीतरी आणखी बोलायच्या बेतात होती. "आत्या, मी दुसऱ्या गाईडकडे गेले तर..." मी म्हटलं, आधी या मुलीचं बघू. ती बरं म्हणाली.

गुरुवारचं व्याख्यान रद्द करावं का? रद्द केलं तर तिला गाठायची एकमेव वाट बंद. ठेवलं तर ती येईल, पण येण्याआधी कपाट आवरेल. मी 'नाहीतर येऊ नकोस' म्हटलं होतं. दोन वाक्यांत भागत असताना मी तिसरं बोलते, ही माझी खोड जुनी.

व्याख्यान ठेवलं आहे.


बुधवार, १४

काही नाही. टिटवी नाही, बातमी नाही.

पुतणी म्हणाली, ती आलीच तर तू तिच्याशी बोलणार कशी? नेहमीसारखं बोललीस तर ती दचकून उठेल. तेव्हा आमची उलटी मुलाखत झाली. पुतणी टिटवी, मी मी.

पहिल्यांदा मी म्हटलं, "हलू नकोस." पुतणी खुर्चीत अशी दचकली की पेला सांडला. नापास. दुसऱ्यांदा म्हटलं, "हे बघ, घाबरायचं काही कारण नाही." ती म्हणाली, हे ऐकून कोणीही घाबरेल. नापास. तिसऱ्यांदा मी इतकं गोड बोलले की ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, माझ्याशी कधी असं बोलली नाहीस.

मी म्हटलं, तुझ्या मागे बाटली नव्हती.

ठरलं ते असं. आधी काहीतरी साधं विचारायचं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. 'ये', 'बस', 'घे' म्हणायचं, 'या' नाही. स्फोट हा शब्द ती बाहेर पडेपर्यंत तोंडातून काढायचा नाही.


गुरुवार, १५

चारला लिंक उघडली. बोलायला आलेल्या शास्त्रज्ञांना पुतणीने आधीच कळवलं होतं, ते गप्प बसून राहिले. पक्षी एकेक करून येत होते. घुबड, बगळा, बाकीचे. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांचे कॅमेरे चालू.

ती सगळ्यांत शेवटी आली. धूसर काही नव्हतं. केस बांधलेले, खांदे ताठ, अगदी मी शिकवलं तशी. आणि मागचं कपाट रिकामं. फळ्या पुसलेल्या. एकही बाटली नाही.

पुतणीने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"छान आवरलंस," मी म्हटलं. "बाटल्या कुठे ठेवल्यास गं?"

तिचा चेहरा उजळला. "खोक्यात मॅडम. टेबलाखाली. आताच आवरलं, घाईघाईत."

"पाय कुठे आहेत तुझे?"

ती खाली बघून म्हणाली, "खोक्यावरच आहेत, मॅडम. जागा नाही ना."

पडद्यावर कोणाचा तरी हात तोंडावर गेलेला दिसला. टिटवीनेही तो पाहिला असावा. मी म्हटलं, माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे. खुर्चीला चाकं आहेत? नाही, स्टूल आहे. बरं. आता एक पाय उचल, हळू, आणि स्टुलावर घे. घेतला. आता दुसरा. ती मांडी घालून बसली. तिला वाटलं असेल बाई बसण्याची नवी तऱ्हा शिकवताहेत, कारण तिने पाठ आणखी ताठ केली.

मग मी विचारलं, खोकं तुझ्या पुढे आहे ना, मागे काही नाही? मागे मोकळं. मग मागच्या बाजूने खाली उतर. स्टूल ओढू नकोस. टेबलावरचा फोन घे. दाराची कडी काढ आणि बाहेर जा. दार आपटू नकोस, नुसतं ओढून घे.

ती उतरली. कडीपर्यंत गेली. आणि थांबली.

"मॅडम, बाहेर सर आहेत. त्यांचा आवाज येतोय." ती कुजबुजत होती. "मी इथे असते ते त्यांना माहीत नाही. ते गेले की जाते."

आणि ती परत टेबलाकडे वळली.

त्या क्षणी मी जितकी घाबरले तितकी आठवडाभर घाबरले नव्हते. तिला बाटलीची भीती नव्हतीच, मी ती सांगितलीच नव्हती. तिला भीती होती ती दारापलीकडच्या माणसाची. पुतणी बाजूला रडत होती, आवाज न करता. काल शिकवलेलं सगळं मी विसरले.

"बाळा," मी म्हटलं, "सरांचं मी बघते. तू जा."

का कोण जाणे, गेली. दार ओढून घेतलेलं दिसलं. मग नुसती खोली राहिली. स्टूल, पुसलेलं कपाट. आम्ही सगळे एका रिकाम्या खोलीकडे बघत बसलो.

फार वेळ नाही. दार उघडलं आणि एक गृहस्थ आत आले. चष्मा, स्वेटर, चेहऱ्यावर राग. पडद्यावर इतकी तोंडं बघून चपापले. हे काय चाललंय, तुम्ही कोण, माझी विद्यार्थिनी कामाच्या वेळेत इथे काय करते, असं बोलत ते टेबलाकडे येऊ लागले. संगणक बंद करायचा होता त्यांना. खोकं दोन पावलांवर होतं.

मी म्हटलं, "तिथेच थांबा."

हे मी गोड म्हटलं नाही. ज्या आवाजात कारखान्यात यंत्रं थांबायची त्या आवाजात म्हटलं. ते थांबले. टेबलाखालच्या खोक्यात काय आहे आणि त्यातल्या बाटलीच्या झाकणावर काय आहे ते मी तीन वाक्यांत सांगितलं. पदार्थाचं नाव ऐकल्यावर त्यांचा रंग उडाला. शिकलेला माणूस, एका शब्दात समजला. म्हणाले, "ती माझ्याही आधीपासून आहे इथे." आणि मग एकदम पोरक्या आवाजात, "मी काय करू?"

मी म्हटलं, आल्या पावली मागे जा. ते पाठमोरे न होता, एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत गेले. तिथून, चौकटीत उभं राहून, त्यांनी मला संस्थेचं नाव, विभाग आणि स्वतःचा पूर्ण हुद्दा सांगितला. हुद्दा आधी.

फोनच्या पाठीवरचा नंबर मी लावला.


शुक्रवार, १६

टिटवीचा फोन सकाळी आला. पथक काल उशिरा पोचलं. सगळी इमारत रिकामी केली. खोकं लांब दांड्याच्या यंत्राने उचललं, वाळू भरलेल्या पिंपात ठेवलं, आणि आज पहाटे मागच्या मोकळ्या माळावर नेऊन दुरूनच उडवलं. विद्यार्थी कुंपणाशी उभे होते.

"आवाज खूप मोठा होता मॅडम," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी त्या सगळ्या बाटल्या ओल्या फडक्याने पुसल्या. झाकणंसुद्धा."

मी तिला सांगितलं, चूक माझी. तू आवरायला सांगितलेलं आवरलंस. ती "नाही मॅडम, तुम्ही होतात म्हणून" वगैरे म्हणू लागली. मी म्हटलं, हे बोलू नकोस, खरं नाही ते. मी सांगितलं नसतं तर ती बाटली कपाटातच राहिली असती. कधीतरी कोणीतरी उघडलीच असती, हे पुतणीचं म्हणणं. तेही खरं असेल. पण झाकणावरून फडकं फिरलं ते माझ्या सांगण्यावरून.

दुपारी तिचा परत फोन. आवाज सकाळपेक्षा बारीक. पथकाला बाटली सोपवल्याची पावती भरायची आहे, आज पाचपर्यंत. त्यात एक रकाना आहे, वस्तू कोणाच्या ताब्यात होती. सरांनी तिला बोलावलं. फार मऊ बोलले. चहा मागवला. म्हणाले, शेवटी ती तुझ्या खोक्यात निघाली, तेव्हा तुझंच नाव घाल, नुसता उपचार आहे. तू शोध लावलास असंच दिसेल. आणि जाता जाता म्हणाले, थिसिसवरची माझी सही या महिन्यातच व्हायची आहे, नाही का.

तिने विचारलं, "करू का मॅडम सही?"

इतक्या महिन्यांत 'पुढे काय' या अर्ध्या तासात मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी सांगितलं, आजवर सांगितलं त्यातलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं ऐक. ताब्यात असणं आणि सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या चौकशी झाली तर या कागदावर तू एकटी उभी असशील, सर कुठेच नसतील. रकान्यात विभागाचं नाव घाल. खाली एक वाक्य स्वतःच्या हाताने लिही. मग सही.

ती म्हणाली, थिसिस?

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेच मी तिला सांगितलं. भीती वाटते म्हणाली. मी म्हटलं, मलाही. हे मी कोणाला यापूर्वी म्हटल्याचं आठवत नाही.

पुतणी दारात उभी राहून ऐकत होती. नंतर तिने मला त्या ग्रुपमध्ये घेतलं. आत गेल्यावर दिसलं की जुनं बोलणं सगळं पुसलेलं आहे. नवीन माणसाला मागचं दिसत नाही, अशीच यंत्राची रीत असावी.


शनिवार, १७

पावतीची नक्कल टिटवीने पाठवली. शिक्का आहे, दोन्ही सह्या आहेत. सरांनी ती वाचली आणि परत दिली. तेव्हापासून तिच्याशी बोललेले नाहीत. थिसिसचं काय होईल ते पुढे कळेल. नक्कल जशीच्या तशी इथे उतरवून ठेवते. तिचं नाव मला आता माहीत आहे. या वहीत घालत नाही.

सोपवलेली वस्तू: तपकिरी काचेची बाटली, एक. ईथर. झाकण बंद, कडेला स्फटिक. लेबल अपूर्ण.
कोणाच्या ताब्यात होती: रसायनशास्त्र विभाग, केमिकल स्टोअर.
कोणाला सोपवली: स्फोटकं निकामी करणारं पथक (सही व शिक्का).
शेरा (हस्ताक्षरात): ही बाटली मी येण्याच्या आधीपासून इथे होती. मी ती फक्त हलवली. धोका आहे हे मला विभागातल्या कोणीही सांगितलं नव्हतं.
सोपवणाऱ्याची सही: पूर्ण नावाने.